‘रोजा ठेवू का, डॉक्टरसाहेब?’

रमजानचा चाँद दिसण्याआधीचे पंधरा दिवस मुस्लिम घरांमध्ये लगबगीचे असतात. किराणा भरला जातो, खजूर आणि शेवया येतात, सहरीसाठी कोण कोणाला उठवणार हे ठरते, मस्जिदीत तरावीहच्या नमाजची तयारी होते. कामांच्या या यादीत एक काम मात्र फार थोड्या घरांत असते. घरातल्या मधुमेही वडिलांनी, आईने किंवा आजीने डॉक्टरांकडे जाऊन विचारायचे, ‘डॉक्टरसाहेब, मला शुगर आहे, यंदा रोजे ठेवू का?’

हा प्रश्न विचारला जात नाही, कारण उत्तर काय येणार हे रुग्णाने आधीच गृहीत धरलेले असते. डॉक्टर ‘नको’ म्हणतील. मग विचारायचे कशाला? डॉक्टरांच्या बाजूनेही अडचण असते. विषय धर्माचा आहे, आपण बोललो तर गैरसमज होईल, असे अनेकांना वाटते. काही जण घाईत ‘रोजे अजिबात धरायचे नाहीत’ असे एका वाक्यात सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावतात. रुग्ण मान डोलावतो, घरी जातो आणि रोजा धरतो. सकाळची गोळी आपल्या मनाने बंद करतो किंवा दिवसभराच्या सगळ्या गोळ्या इफ्तारनंतर एकदम घेतो. डॉक्टरांच्या कागदावर उपचार व्यवस्थित चाललेले असतात आणि घरात तिसरेच काही चाललेले असते.

आकडे काय सांगतात

ही केवळ आपल्या गावाची गोष्ट नाही. भारतासह तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा ‘एपिडायर’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची माहिती २००१ च्या रमजानसंबंधीची होती. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के आणि टाइप १ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांनी महिन्यातले किमान पंधरा रोजे धरले होते. टाइप १ म्हणजे ज्यांना इन्सुलिनशिवाय जगताच येत नाही असे रुग्ण. रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे गंभीर प्रकार रमजानमध्ये टाइप २ च्या रुग्णांत सुमारे साडेसात पटींनी वाढलेले दिसले.

याचा साधा अर्थ असा की डॉक्टर हो म्हणोत वा नको, बहुसंख्य लोक रोजे धरणारच आहेत. मग चर्चा ‘धरू द्यायचे की नाही’ एवढ्यावर थांबवून चालत नाही. कोणी धरू नये, कोणी कोणत्या काळजीने धरावे आणि मध्येच कधी सोडावा, हे बोलावे लागते. भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून पुढे आला. इतक्या मोठ्या संख्येत हा प्रश्न प्रत्येक शहरातल्या, प्रत्येक तालुक्यातल्या दवाखान्यात येणारच.

‘रोजा लागतोय’ म्हणजे काय?

आपल्याकडे सहरीपासून इफ्तारपर्यंत साधारण तेरा-चौदा तास जातात. एवढा वेळ अन्न नाही, पाणीही नाही. निरोगी शरीर साठवलेल्या साखरेवर आणि चरबीवर हा वेळ निभावून नेते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन मात्र पोटात अन्न असो वा नसो, आपले काम करत राहतात. दुपार उलटली की, विशेषतः असरच्या नमाजच्या सुमारास, हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, ‘रोजा लागतोय, थोडे पडून राहा, मगरिबला अजून तासच आहे.’

हा ‘रोजा लागणे’ शब्द घराघरात बोलला जातो. निरोगी माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ भूक आणि थकवा एवढाच असतो. मधुमेही माणसाच्या बाबतीत तोच शब्द साखर उतरल्याची सूचना असू शकतो आणि तो एक तास बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. ‘साखर कमी झाल्याची लक्षणे दिसली तर रोजा सोडा’ असे डॉक्टरांनी सांगितले तरी, ज्याला लोक ‘रोजा लागणे’ म्हणतात तेच हे लक्षण आहे, हे स्पष्ट केल्याशिवाय सल्ला पोहोचत नाही.

दुसरे टोक इफ्तारच्या दस्तरख्वानवर असते. खजूर, गोड सरबत, भजी, समोसे, त्यानंतर जेवण आणि तरावीहनंतर पुन्हा काही गोड. दिवसभर खाली असलेली साखर दोन तासांत उसळी मारते. म्हणजे धोका दोन्ही बाजूंनी आहे. पाणी कमी पडल्याने मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

धर्माने दिलेली सवलत

मुस्लिमेतर वाचकांना कदाचित माहीत नसेल, पण रोज्याचा हुकूम कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये ज्या ठिकाणी आला आहे, त्याच ठिकाणी आजारी आणि प्रवासी यांना सवलतही दिलेली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात, त्याला कजा म्हणतात. ज्याचा आजार बरा होणारा नाही, त्याने प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालावे, याला फिदिया म्हणतात. जीव धोक्यात घालून रोजा पुरा करावा, अशी अपेक्षा कोणताही जाणकार आलिम करत नाही.

सुई टोचली की रोजा तुटतो का, हाही नेहमीचा प्रश्न. या भीतीने कित्येक जण महिनाभर साखर तपासतच नाहीत. जेद्दाह येथे १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात यावर ठराव झाला. तपासणीसाठी रक्त काढणे आणि पोषणासाठी नसलेली इंजेक्शने यांनी रोजा तुटत नाही, असे त्यात नमूद आहे. मधुमेह आणि रमजान यांविषयीची आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वेही बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हे आवर्जून सांगतात. दम्याच्या इन्हेलरसारख्या काही बाबतींत मात्र उलेमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा तिथे आपल्या विश्वासातल्या मौलानांना विचारलेले बरे.

मग सवलत असूनही लोक ती का घेत नाहीत? याचे उत्तर औषधशास्त्रात मिळणार नाही. पहाटे सगळे घर सहरीला उठलेले असताना एकट्याने झोपून राहणे साठीच्या माणसाला जड जाते. चाळीस वर्षे एकही रोजा न चुकवलेल्या आजीला दुपारी नातवंडांसमोर ताट वाढून घेताना संकोच वाटतो. सहरी आणि इफ्तार दोन्ही जिच्या हातचे असते, त्या गृहिणीला आपण स्वतः बेरोजा आहोत हे सांगणे अवघड वाटते. काहींना वाटते, फिदिया म्हणजे पैसे देऊन सुटका. रुग्णाच्या मनातले हे ओझे डॉक्टरांना माहीत असेल तर त्यांची भाषा बदलते. ‘चाचा, तुमचे रोजे बंद’ आणि ‘चाचा, यंदा रोजे धरायची नियत आहे ना? मग आधी तुमच्या तब्येतीचा हिशेब करू’ या दोन वाक्यांत फार फरक आहे. पहिल्याने संवाद संपतो, दुसऱ्याने सुरू होतो.

दोन मिनिटांचा दवाखाना

डॉक्टरांनी इतके बोलायचे कधी, हा प्रश्न रास्त आहे. जगातल्या ६७ देशांमधल्या प्राथमिक उपचारांच्या भेटी किती वेळ चालतात, याचा आढावा २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये ही भेट सरासरी साडेबावीस मिनिटांची, बांगलादेशात ४८ सेकंदांची आणि भारतात सुमारे दोन मिनिटांची निघाली. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी लागलेली रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. एका डॉक्टरसमोर शंभर-दीडशे रुग्ण असतील तर दोष एकट्या डॉक्टरचा म्हणता येत नाही.

तरीही वेळेची कमतरता हे पूर्ण उत्तर नाही. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये दवाखान्यातल्या ७४ संभाषणांचा अभ्यास मांडला. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवत होते. फक्त २३ टक्के भेटींमध्ये रुग्णाला आपले म्हणणे पुरे करता आले. म्हणजे जिथे वेळ तुलनेने अधिक असतो, तिथेही ऐकून घेण्याची सवय आपोआप लागत नाही.

ऐकण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते सांगितलेले पोहोचणे. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात आणि जो लक्षात राहतो त्यातला जवळपास निम्मा चुकीचा असतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात म्हटले आहे. यावर एक सोपा उपाय वैद्यकीय जगात रुजला आहे. सांगून झाल्यावर डॉक्टरांनी किंवा नर्सताईंनी विचारायचे, ‘आता घरी गेल्यावर सूनबाईला तुम्ही काय सांगाल, ते मला एकदा सांगा.’ ‘समजले का?’ या प्रश्नाला प्रत्येक जण ‘हो’च म्हणतो. सांगायला लावले की कुठे गोंधळ आहे ते अर्ध्या मिनिटात कळते.

दोन भाषांच्या मध्ये

महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये आणखी एक पायरी असते. डॉक्टर मराठीत विचार करतात, औषधाचे कागद इंग्रजीत असतात आणि रुग्ण घरात उर्दू किंवा दखनी बोलतो. एकमेकांना सगळे समजते असे दोघांनाही वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. ‘घबराहट होती है’ असे म्हणणाऱ्या बाईला भीती वाटत असेल, छातीत धडधडत असेल, श्वास लागत असेल किंवा साखर उतरली असेल. ‘कमजोरी’ या एका शब्दात अशक्तपणापासून पक्षाघाताच्या सुरुवातीपर्यंत काहीही असू शकते. मराठीत पायाला ‘मुंग्या’ येतात, उर्दूत त्याला ‘झुनझुनी’ म्हणतात आणि पाय बधिर झाला की ‘सुन्न’. मधुमेहात नसांवर झालेला परिणाम ओळखायला हे शब्द कामाचे असतात.

कागदावरचे ‘१-०-१’ अकरा महिने ठीक चालते. रमजानमध्ये त्यातला पहिला एक सहरीचा की इफ्तारचा? ‘उपाशीपोटी’ म्हणजे इफ्तारच्या आधी की सहरीच्या आधी? ‘जेवणानंतर’ म्हणजे खजूर आणि पाणी घेतल्यावर की मगरिबनंतरच्या जेवणावर? औषधाच्या दुकानदारालाही याचे उत्तर ठाऊक असेलच असे नाही. डॉक्टरांनी त्याच कागदावर ‘सहरी’ आणि ‘इफ्तार’ हे दोन शब्द लिहून त्यापुढे गोळ्या लिहिल्या, तर महिन्याभराचा गोंधळ मिटतो. हे शब्द आता मराठी माणसालाही परके राहिलेले नाहीत.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळणे, हा त्यातला अगदी सुरुवातीचा हक्क आहे. वैद्यकीय शिक्षणातही २०१९ च्या तुकडीपासून वर्तन, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र अभ्यास समाविष्ट झाला. त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुले आता डॉक्टर होऊन बाहेर पडली आहेत. वर्गात शिकलेले दवाखान्याच्या गर्दीत टिकते का, हे पुढच्या काही वर्षांत दिसेल.

जुनी शहाणीव

वैद्य आणि रुग्ण यांनी एकमेकांशी नीट बोलावे, हा विचार काही आजचा नाही. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रुग्ण. चौघांचेही प्रत्येकी चार गुण तिथे दिले आहेत. रुग्णाच्या गुणांमध्ये आपला आजार नीट सांगता येणे याचाही समावेश आहे. नवव्या शतकात इस्हाक बिन अली अर-रुहावी यांनी अरबीत ‘अदब अत-तबीब’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा विषयच वैद्याचे आचरण आणि शिष्टाचार हा आहे. दोन वेगळ्या भूमींवरच्या, दोन वेगळ्या भाषांतल्या या ग्रंथांनी एकच गोष्ट ओळखली होती. रुग्ण हा उपचाराचा भागीदार असतो आणि त्याच्या बोलण्याला किंमत असते.

बोलल्याने फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. लंडनमध्ये टाइप २ मधुमेहाच्या १११ मुस्लिम रुग्णांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५७ जणांनी रमजानच्या आधी आहार, व्यायाम, औषधांच्या वेळा आणि साखरेची तपासणी यांविषयीचे मार्गदर्शन घेतले होते. ५४ जणांनी घेतले नव्हते. मार्गदर्शन न घेतलेल्या गटात साखर उतरण्याचे प्रसंग ९ वरून ३६ वर गेले, म्हणजे चौपट झाले. मार्गदर्शन घेतलेल्या गटात ते ९ वरून ५ वर आले. रोजे दोन्हीकडे होते, फरक संवादाचा होता.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि ‘दार’ या संस्थेने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. वय, मधुमेहाचा प्रकार, किती वर्षे आहे, औषधे कोणती, मूत्रपिंडाची स्थिती, आधी साखर उतरली होती का, अशा बाबींना गुण देऊन रुग्णाची जोखीम ठरवली जाते. ३ पर्यंत गुण म्हणजे कमी जोखीम, साडेतीन ते ६ मध्यम आणि त्यापुढे जास्त. जास्त जोखीम असलेल्यांनी रोजा धरू नये, असा सल्ला आहे. ही भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हावी, अशी शिफारस आहे.

आता रोजे सुरू झाले आहेत. तरीही उशीर झालेला नाही, कारण पुढचे प्रत्येक दिवस अजून हातात आहेत. डॉक्टरांकडे जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत:

१. माझ्या तब्येतीकडे पाहता रोजा धरणे सुरक्षित आहे का? नसेल तर नेमके कशामुळे?

२. कोणती गोळी किंवा इन्सुलिन सहरीला, कोणते इफ्तारला आणि मात्रा तीच की कमी?

३. दिवसातून साखर कधी आणि किती वेळा तपासायची?

४. कोणत्या आकड्याला रोजा ताबडतोब सोडायचा? (मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर थांबायचे नाही, मगरिबला पाच मिनिटे उरली असली तरी.)

५. रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?

गोळ्यांची मात्रा शेजाऱ्याचे पाहून बदलू नये. एकाच आजाराच्या दोन गोळ्यांमध्ये धोका वेगवेगळा असतो. जाताना घरातले एखादे माणूस सोबत असावे. सहरी कोण बनवते, गोळ्या कोण काढून देते, दुपारी घरात कोण असते, हे त्यालाच ठाऊक असते.

मस्जिदीची भूमिकाही मोठी आहे. जुमाच्या बयानात इमामसाहेबांनी आजारी माणसाची सवलत समजावून सांगितली, रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही हे सांगितले, तर डॉक्टरांचे निम्मे काम हलके होते. रुग्ण ‘मौलाना काय म्हणतात’ आणि ‘डॉक्टर काय म्हणतात’ यांच्यामध्ये अडकलेला असतो. दोघांचा सल्ला एकच आहे हे कळले की त्याच्या मनावरचे ओझे उतरते. गावातल्या डॉक्टरांना एखाद्या संध्याकाळी मस्जिदीच्या आवारात बोलावून पंधरा मिनिटे बोलायला सांगणे काही अवघड नाही.

हा विषय एका समाजापुरता नाही, हे वेगळे सांगायला नको. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणारे मधुमेही काका, नवरात्रात नऊ दिवस केवळ फळांवर राहणाऱ्या मावशी, पर्युषणात उपवास करणाऱ्या जैन आजी, पायी वारीला निघालेले रक्तदाबाचे रुग्ण, या सगळ्यांच्या खिशात गोळ्यांची पाकिटे असतात आणि यांच्यापैकी बहुतेकांनी डॉक्टरांना विचारलेले नसते. उपवास सांगितला तर डॉक्टर रागावतील ही भीती सगळ्यांची सारखीच आहे. म्हणून डॉक्टरांनीच पुढाकार घेऊन, कॅलेंडरकडे एक नजर टाकून विचारावे, ‘पुढच्या महिन्यात काही उपवास आहेत का?’ या एका प्रश्नाला दहा सेकंद लागतात.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी समोर येईल तेव्हा मधुमेही माणसाला पुन्हा एकदा तोच पेच पडणार आहे. किती घ्यायचा, हेही डॉक्टरांना विचारून ठेवायला हरकत नाही. ईदनंतरच्या आठवड्यात साखर तपासून गोळ्यांचे वेळापत्रक पूर्ववत करून घ्यावे. आणि महिन्यात कोणत्या दिवशी त्रास झाला, कोणता रोजा सोडावा लागला, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. पुढच्या रमजानची तयारी त्यावरूनच करता येईल.